काच पारदर्शक असूनही प्रकाश परत का फिरतो?

प्रश्न थोडक्यात असा. वडील आठवड्यातून दोन-तीनदा रात्री नाशिक-मुंबई गाडी चालवतात. नंबर उणे साडेपाच. जाड काचांचा कंटाळा आला म्हणून त्यांनी १.६७ च्या पातळ काचा घेतल्या. नंबर पुन्हा तपासला, बरोबर निघाला. दिवसा काही त्रास नाही, पण रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रत्येक दिव्याशेजारी एक फिकट दिवा दिसतो. घरात हे बोलणं चालू असताना दहावीतल्या लेकीने विचारलं, "काच पारदर्शक असते ना? मग प्रकाश सरळ आरपार जायचा सोडून परत का फिरतो? कुठला किरण आत शिरणार आणि कुठला परतणार, हे ठरवतं कोण?"

नाशकात चष्म्याच्या काचा तपासायला, कापायला आणि फ्रेममध्ये बसवायला लागून मला तीस वर्षं होऊन गेली. वडिलांच्या तक्रारीचं उत्तर लेकीच्या प्रश्नात आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

शाळेत परावर्तन आठवी-नववीत शिकवतात आणि अपवर्तन दहावीत. आरसा एका वर्षी, काचेची वीट दुसऱ्या वर्षी. त्यामुळे मुलांच्या मनात पक्कं बसतं की आरशावरून किरण परततो आणि काचेतून वाकून पुढे जातो. प्रत्यक्षात जिथे दोन माध्यमं भेटतात तिथे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात. हवा आणि काच, हवा आणि पाणी, पाणी आणि डोळ्याचं बुबुळ, कुठेही बघा. येणाऱ्या प्रकाशाचा एक वाटा परततो आणि उरलेला दिशा बदलून आत जातो. प्रश्न फक्त वाटणीचा असतो.

याचा पुरावा घरातच आहे. दुपारी खिडकीच्या बंद काचेतून बाहेरचं झाड स्वच्छ दिसतं. रात्री दिवा लावून त्याच काचेसमोर उभं राहिलं की आपलंच तोंड दिसतं. काच बदललेली नसते. ती दुपारीही तुमच्या तोंडावरून आलेल्या प्रकाशातला सुमारे ८ टक्के भाग परत पाठवतच होती, पण बाहेरून येणाऱ्या उन्हात तो बुडून जात होता. रात्री बाहेर अंधार पडला आणि ते ८ टक्के दिसायला लागले.

आता एक प्रयोग, जो मी दुकानात शिकायला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या आठवड्यात करायला लावतो. साधा घरातला आरसा घ्या, जरा जाड काचेचा असेल तर उत्तम. खोलीत अंधार करा, देवघरातलं निरांजन आरशासमोर ठेवा आणि बाजूने, बऱ्यापैकी तिरक्या नजरेने बघा. एकच ज्योत दिसायला हवी, पण रांग दिसते. पहिली ज्योत फिकी असते, ती काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून परतलेली. दुसरी सगळ्यांत तेजस्वी, ती काचेमागच्या चंदेरी मुलाम्यावरून आलेली. मग तिसरी, चौथी, एकीपेक्षा एक मंद. ही तिसरी कुठून आली? मुलाम्यावरून परतलेला प्रकाश बाहेर पडायला काचेच्या पुढच्या पृष्ठभागाशी आला, तेव्हा त्यातला बराचसा बाहेर पडला, पण थोडा आतल्या आतच मागे फिरला, पुन्हा मुलाम्यावर आपटला आणि मग बाहेर आला. म्हणजे काचेतून हवेत निघतानाही वाटणी होते, नुसती आत शिरताना नाही. ही तिसरी ज्योत लक्षात ठेवा, वडिलांच्या तक्रारीपर्यंत गेल्यावर ती लागणार आहे.

प्रकाश का वाकतो, हे आधी बघू, कारण परतण्याचं कारणही तिथेच सापडतं. प्रकाशाचा वेग पोकळीत आणि जवळपास तेवढाच हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर. पाण्यात तो सव्वादोन लाखांवर येतो, साध्या काचेत २ लाखांवर. या वेगांच्या गुणोत्तरालाच अपवर्तनांक म्हणतात. पाण्याचा १.३३, चष्म्याच्या साध्या प्लास्टिक काचेचा १.५, आणि वडिलांच्या काचेवर लिहिलेला १.६७ हा आकडाही तोच. दुकानदार तो पातळपणाचा आकडा म्हणून सांगतात, पण खरं तर प्रकाश त्या काचेत किती मंदावतो त्याचा तो आकडा आहे.

वेग कमी झाला म्हणून दिशा का बदलावी? निवृत्तिनाथांची दिंडी त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरला निघते, ती डोळ्यांसमोर आणा. दहा जण हातात हात घालून एका ओळीत डांबरी रस्त्याने चाललेत. पुढे चिखलाचं वावर आहे, आणि त्याची कड ओळीला तिरकी आहे. उजवीकडचा वारकरी आधी चिखलात उतरला, त्याचं पाऊल मंदावलं. डावीकडचा अजून डांबरावर आहे, तो पूर्वीच्याच चालीने चाललाय. हात सुटलेले नाहीत. मग ओळ आपोआप वळणारच. सगळे चिखलात उतरेपर्यंत दिंडीचं तोंड बदललेलं असतं. आणि चिखलाची कड ओळीला समांतर असेल, तर सगळे एकदमच मंदावतील आणि कोणीच वळणार नाही. म्हणून काचेवर काटकोनात पडलेला किरण वाकत नाही. स्तंभिकेशी, म्हणजे पृष्ठभागावर काटकोनात उभ्या काढलेल्या रेषेशी, ६० अंशांनी पाण्यावर आलेला किरण मात्र आत साधारण साडेचाळीस अंशांनी जातो. हा हिशोब स्नेलने १६२१ मध्ये मांडला म्हणून त्याच्या नावावर आहे. पण बगदादच्या इब्न सहलने ९८४ च्या सुमारास भिंगांवर लिहिताना तोच नियम वापरला होता. दोघांमध्ये सहाशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे, आणि इब्न सहलचं नाव मुलांच्या कानावरसुद्धा पडत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रामकुंडावर याचा अनुभव पायांना येतो. पाणी स्वच्छ असलं की वरून पाहताना चार फुटांवरची पायरी तीन फुटांवर वाटते. खरी खोली भागिले १.३३, एवढी ती दिसते. हेही अगदी वरून सरळ खाली पाहिलं तर. काठावर उभं राहून तिरकं पाहिलं तर ती आणखी वर आल्यासारखी वाटते. म्हणून म्हातारी माणसं पाऊल टाकतात आणि पायरी लागतच नाही, तोल जातो. गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) आईवडिलांना नेताना, आणि सिंहस्थाच्या गर्दीत तर नक्कीच, त्यांचा हात धरा. डोळ्यांनी सांगितलेल्या पायरीवर भरवसा ठेवू नका, आधी पायाने चाचपायला सांगा.

बुडी मारून डोळे उघडले की सगळं धूसर का दिसतं, हेही यातलंच. डोळ्याची वाकवण्याची ताकद जवळपास ६० डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात मोजतात) असते, आणि त्यातली दोन तृतीयांशाहून थोडी जास्त एकट्या पारपटलाची, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याची. पण ती ताकद त्याच्या बाहेर हवा असते म्हणून आहे. पारपटलाचा अपवर्तनांक सुमारे १.३७६ आणि पाण्याचा १.३३. बाहेर पाणी आलं की दोन्हीकडचा वेग जवळजवळ सारखा, मग वाकवायला काही उरतच नाही. गॉगल लावला की डोळ्यासमोर पुन्हा हवेचा थर येतो आणि नजर परत येते.

आता मुलीचा मूळ प्रश्न. परत का फिरतो?

घरात सुतळी आणि विहिरीचा जाड दोर असेल तर दोन्हींना गाठ मारून जोडा. दोराचं टोक खिडकीच्या गजाला बांधा, सुतळी हातात जरा ताणून धरा आणि एक झटका द्या. झटक्याची लाट सुतळीवरून पळत गाठीपाशी जाते. तिथून एक लाट दोरात पुढे निघते आणि एक उलटी फिरून तुमच्या हाताकडे येते. गाठीच्या जागी सुतळीलाच सुतळी जोडली तर जवळपास काहीच परत येत नाही. लाट ज्या माध्यमातून चाललीय ते एकाएकी बदललं, तिचा वेग बदलला, की थोडी लाट मागे येतेच. प्रकाश ही लाटच आहे, आणि काचेचा पृष्ठभाग म्हणजे ती गाठ.

हे खरं असेल तर वेग दोन्हीकडे सारखा असताना पृष्ठभाग दिसताच कामा नये. तसंच होतं. बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी घ्या, तिचा अपवर्तनांक १.४७. शेंगदाणा तेलाचाही जवळपास तेवढाच. काचेच्या पेल्यात तेल ओतून, नळी तेलाने भरून आत सोडा. तेलात बुडलेला भाग दिसेनासा होतो, वर राहिलेलं टोक तेवढं तरंगल्यासारखं दिसतं. तेलात काच आहे, पण तिच्या कडेवरून परत काही येत नाही आणि काही वाकतही नाही, मग डोळ्याने तिला ओळखायचं कशावरून? माझ्या हाताखालचा एक पोरगा हे पाहून पाच मिनिटं नळी आतबाहेर करत बसला होता. मी त्याला हटकलं नाही.

वाटणी किती, हे फ्रेनेलने १८२३ मध्ये गणिताने मांडलं. तो फ्रान्सच्या रस्ते-पूल खात्यातला इंजिनिअर होता. काटकोनात पडणाऱ्या किरणासाठी त्याचं सूत्र पोरीला तोंडी करता येईल: अपवर्तनांकातून एक वजा करा, अपवर्तनांकात एक मिळवा, पहिल्याला दुसऱ्याने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. १.५ साठी ०.५ भागिले २.५, म्हणजे ०.२, वर्ग ०.०४. चार टक्के. काचेला दोन बाजू, म्हणून खिडकीचे ते आठ. पाण्यासाठी दोन टक्के. आणि १.६७ साठी ६.३ टक्के, दोन्ही बाजूंचे मिळून बाराच्या आसपास.

हे सगळं समोरून पाहताना. नजर तिरकी झाली की परतणारा वाटा वाढत जातो, आधी हळूहळू आणि शेवटी झपाट्याने. पाण्यावर ६० अंशांनी पडलेल्या प्रकाशातला ६ टक्केच परततो, पण ८० अंशांनी पडला तर ३५ टक्के. संध्याकाळी गंगापूर धरणाच्या भिंतीवर उभं राहा. पायाजवळच्या पाण्यात तळाचे दगड दिसतात आणि दूरचं पाणी आभाळाच्या रंगाचं असतं. पाणी एकच आहे, फक्त नजरेचा कोन बदललाय.

उलट बाजूने, म्हणजे पाण्यातून हवेत निघताना, एक मर्यादा येते. पाण्यात ४८.६ अंशांपलीकडे तिरका आलेला किरण बाहेर पडतच नाही, पूर्णच्या पूर्ण परत फिरतो. काचेचा पेला पाण्याने भरून डोळ्यांच्या वर धरा आणि बाजूच्या काचेतून वर, पाण्याच्या पृष्ठभागाकडे बघा. पृष्ठभाग पाऱ्यासारखा चकाकतो. ऑप्टिकल फायबरमधून घरात येणारं इंटरनेट याच तत्त्वावर चालतं. हिऱ्यासाठी ही मर्यादा फक्त २४.४ अंश, म्हणून सराफ बाजारात नीट पैलू पाडलेला हिरा आत आलेला प्रकाश पुन्हा वरूनच बाहेर टाकतो.

धातूंचं वेगळं असतं. त्यांच्यात मोकळे इलेक्ट्रॉन असतात, ते येणाऱ्या लाटेला पृष्ठभागापाशीच थोपवतात. तांबट आळीतल्या घासून ठेवलेल्या घंगाळात तोंड दिसतं ते त्यामुळे, आणि तांबं निळा-हिरवा भाग बराचसा शोषून घेतं म्हणून ते तोंड तांबूस दिसतं.

"ठरवतं कोण?" हा मुलीच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मात्र सोपा नाही. प्रकाश लाटेसारखा वागतो, पण मोजायला गेलं की तो एकेक कण होऊन येतो. काचेच्या एका पृष्ठभागावर असे शंभर कण आले, तर साधारण चार परततात. पण समोरून येणारा हा विशिष्ट कण परतेल की आत जाईल, हे आधी सांगता येत नाही. आपली यंत्रं कमी पडतात म्हणून नाही, निसर्गातच ते ठरलेलं नसतं. न्यूटन प्रकाशाला कणांचा झोत मानायचा, आणि काही कण परततात, काही आत जातात हे कोडं त्यालाही सतावत होतं. तिला हे नक्की सांगा. ज्या प्रश्नापाशी न्यूटन अडला, त्या प्रश्नापाशी ती चष्म्याच्या काचेवरून पोचली आहे.

आता वडिलांकडे येतो. त्यांना दिसणारा फिकट दिवा म्हणजे निरांजनाच्या आरशातली तिसरी ज्योत. समोरच्या दिव्याचा प्रकाश काचेत शिरतो. डोळ्याकडच्या पृष्ठभागाशी आला की बहुतेक डोळ्यात जातो, पण ६.३ टक्के आतच मागे फिरतो. तो पुढच्या पृष्ठभागावर आपटतो, त्यातला पुन्हा ६.३ टक्के उलटून डोळ्यात येतो. हिशोब केला तर मूळ दिव्याच्या ०.४ टक्के. ऐकायला नगण्य वाटतं, पण काळ्याकुट्ट रस्त्यावर समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्याचे ०.४ टक्के सहज दिसतात. आणि चष्म्याच्या काचेच्या दोन्ही बाजूंचा बाक वेगवेगळा असल्यामुळे हा उलटसुलट आलेला प्रकाश मूळ दिव्याच्या जागेवर न पडता शेजारी पडतो. शिवाय मागच्या गाडीचे दिवे काचेच्या आतल्या बाजूवरून परतून डोळ्यात येतात, ते वेगळेच. जुन्या जाड काचांमध्येही हे होत होतं, पण १.५ च्या काचेत तो आकडा ०.१६ टक्के असतो. काच पातळ झाली आणि भूत, म्हणजे तो फिकट दिवा, अडीचपट उजळलं.

ही चूक माझ्याही हातून झाली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी रात्री द्राक्षांची गाडी घेऊन वाशीला जाणाऱ्या एका भाऊंना मी पातळ काचा दिल्या आणि त्यांचे पैसे वाचावेत म्हणून वरचा थर नको म्हणालो. तिसऱ्या दिवशी ते परत आले. "साहेब, घाटात समोरून एक गाडी येते का दोन, कळत नाही." मी लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, नंबर तीनदा तपासला, बरोबर. पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, मोजली, बरोबर. मग रात्री त्यांच्याबरोबर द्वारका चौकात जाऊन उभा राहिलो आणि त्यांची काच डोळ्यासमोर धरून ती वाकडी-तिकडी केली, तेव्हा दिव्याशेजारचा तो दुसरा ठिपका सरकताना दिसला. काचा बदलून दिल्या. तेव्हापासून १.६ च्या पुढची काच मी परावर्तनरोधी थराशिवाय कोणालाही देत नाही, गिऱ्हाइकाने कितीही घासाघीस केली तरी.

हा थर म्हणजे दुकानदार ज्याला एआर कोटिंग किंवा अँटिग्लेअर म्हणतात तो. झाइस कंपनीतल्या स्माकुलाने १९३५ मध्ये तो शोधला. मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर काचेवर चढवायचा, जाडी साधारण १०० नॅनोमीटर, म्हणजे हिरव्या प्रकाशाच्या त्या थरातल्या लाटेच्या पाव लांबीची. आता एक लाट थराच्या वरच्या तोंडावरून परतते आणि दुसरी खालच्या. दुसरी जाऊन-येऊन अर्धी लाट मागे पडते. पहिलीचा चढ आणि दुसरीचा उतार एकमेकांवर पडून दोघी विझतात. त्यांची ऊर्जा वाया जात नाही, ती पुढे, काचेतून डोळ्यात जाते. हल्लीच्या चष्म्यांवर असे अनेक थर एकावर एक असतात. चांगल्या थराने प्रत्येक पृष्ठभागावरचं परावर्तन एक टक्क्याच्या आत येतं. एक टक्का धरला तरी भुताचा दिवा ०.०१ टक्क्यावर येतो, आधीच्या चाळीसाव्या हिश्शावर.

पावसाळ्यात कसारा घाटात होणारा त्रास मात्र या थराने संपणार नाही. कोरडा डांबरी रस्ता खडबडीत असतो, तुमच्या दिव्यांचा प्रकाश तो चहूकडे उधळतो आणि त्यातला थोडा तुमच्याकडे परत येतो, म्हणून रस्ता दिसतो. त्यावर पाण्याचा थर बसला की रस्ता आरसा होतो. तुमचा प्रकाश अतितिरका पडून पुढेच निघून जातो आणि समोरच्याचा सरळ तुमच्या डोळ्यात येतो. म्हणून पट्टे दिसेनासे होतात. यावर वेग कमी करणं आणि समोरची काच आतूनबाहेरून स्वच्छ ठेवणं, एवढाच इलाज मला ठाऊक आहे. "रात्रीच्या ड्रायव्हिंगसाठी" म्हणून विकतात त्या पिवळ्या काचा घेऊ नका. अंधारात आधीच प्रकाश कमी, त्यात त्या आणखी कमी करतात. पोलराइज्ड गॉगल दिवसा पाण्यावरची, ओल्या रस्त्यावरची चकाकी छान मारतो, पण सूर्य मावळला की तो डब्यात ठेवायचा.

वडिलांनी आज घरीच तपासावं. ट्यूबलाइटखाली उभं राहून चष्मा हातात धरा आणि काचेत ट्यूबचं प्रतिबिंब शोधा. जरा तिरपं केलं की दोन दिसतील, एक पुढच्या पृष्ठभागाचं, एक मागच्या. दोन्ही ट्यूबसारखीच पांढरी आणि ठसठशीत असतील तर काचेवर थर नाही. दोन्ही मंद आणि हिरवट किंवा जांभळट असतील तर थर आहे. थर आहे, पण प्रतिबिंबात बारीक केसांसारख्या रेषा किंवा पोपडे दिसत असतील, तर कोरड्या सदऱ्याने पुसून पुसून तो खराब झालाय. काच आधी नळाखाली धरायची, धूळ वाहून जाऊ द्यायची, मगच मऊ कापड लावायचं. थर नसेल तर कापून बसवलेल्या काचेवर तो नंतर चढवून घ्यायच्या भानगडीत पडू नका, काचा नव्याने करून घ्या.

आणि थर चांगला आहे, तरीही दिव्याभोवती वलय किंवा दुसरा दिवा दिसतो असं निघालं, तर चष्मा काढून एक-एक डोळा झाकून लांबच्या दिव्याकडे बघा. नंबरमुळे तो धूसर दिसेलच, पण एका डोळ्याने दिवा फुटून अनेक झाल्यासारखा किंवा किरणांचा झाडू फिरल्यासारखा दिसत असेल, तर दोष काचेत नसून डोळ्याच्या आतल्या भिंगात असू शकतो. मोतीबिंदूची सुरुवात कधी कधी अशीच होते. मग चष्म्याच्या दुकानात न जाता नेत्रतज्ज्ञाकडे जा, आणि तोवर रात्रीचा घाट दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या.